दोन मेगावॉटची कैफियत

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द जेथे संपत येते, तेथे अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे गाव आहे. पुढे लागणारे गाणगापूर रोड हे स्थानक कर्नाटकाच्या मुलखात पडते. दत्तभक्तांना दुधनी गाडीच्या खिडकीतून ओझरती दिसते, तुरीच्या व्यापाऱ्यांना तिची बाजार समिती ठाऊक असते, आणि याहून अधिक परिचय उर्वरित महाराष्ट्राला असेल असे वाटत नाही. मराठी व कानडी या दोन्ही भाषा जेथे एकाच ओट्यावर बसून बोलल्या जातात, पाऊस जेथे बेभरवशाचा आणि ऊन मात्र खात्रीचे असते, अशा या सीमेवरच्या मुलखात एक-दोन मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारण्याची गोष्ट निघाली, की आमच्या सुशिक्षित वर्गातील एक पक्ष कौतुकमिश्रित अनुकंपेचे जे स्मित करतो, त्या स्मिताचा परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

या पक्षाचे म्हणणे, त्याला अन्याय होणार नाही अशा रीतीने मांडावयाचे तर, असे आहे: ज्या राज्याची विजेची कमाल मागणी ३०,००० मेगावॉटच्या घरात पोहोचली आहे, त्या राज्यात दोन मेगावॉटची भर म्हणजे पंधरा हजारांतील एक हिस्सा; तोही दिवसाच्या मधल्या प्रहरांतच हाती येतो, सूर्य कलला की ओसरतो, आणि दिवेलागणीला, म्हणजे घरोघरी विजेची निकड लागते नेमक्या त्या वेळी, शून्यावर येतो; आणि एवढ्यासाठी आठ-दहा एकर जमीन पाव शतक काचेखाली झाकून ठेवावी लागते. सबब, नवीकरणीय ऊर्जेचे कार्य करावयाचेच असेल तर ते राजस्थानातील भाडला किंवा कर्नाटकातील पावगडा यांसारख्या दोन-दोन हजार मेगावॉटच्या विराट सौर उद्यानांनी करावे. दुधनीने त्यात पडणे म्हणजे नदीच्या पुरात आपली घागर ओतण्यासारखे आहे.

यांतील आकडे खोटे नाहीत. किंबहुना लहान प्रकल्पांच्या उत्साही कैवाऱ्यांनीच, ‘आमच्या प्रकल्पाने पर्यावरणाचे रक्षण होते’ अशा घोषणा फलकांवर रंगवून, या आक्षेपाला आमंत्रण दिले आहे. दोन मेगावॉटचा प्रकल्प सोलापुरी उन्हात वर्षाकाठी सुमारे ३३ लाख युनिट वीज देईल. तेवढीच वीज औष्णिक केंद्रात निर्माण करावयास दोन-सव्वादोन हजार टन कोळसा लागेल, म्हणजे मालगाडीच्या पस्तीस-चाळीस वाघिणी. वर्षभर ऊन गोळा करून एक अख्खी मालगाडीही वाचत नाही, आणि ज्या देशात रोज अशा शेकडो गाड्या धावतात त्या देशाच्या कोळशाच्या हिशेबात ही बचत दिसावयासही भिंग लागेल, हे आक्षेपकांनी म्हणण्यापूर्वी आम्हीच म्हणून टाकतो. कोळशाच्या वजनाने या प्रकल्पाची बाजू मांडणारा वकील आपल्या अशिलाचे नुकसानच करीत असतो.

तथापि आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकावा, असे येथे घडले आहे, आणि त्याचे कारण असे की मोजमाप भलत्याच वस्तूशी घेतले गेले. शेतकऱ्याला वीज राज्याकडून मिळत नाही. ती त्याला त्याच्या उपकेंद्रातून मिळते. दूरच्या केंद्रात निर्माण झालेली वीज ४०० केव्हीच्या, मग २२० आणि १३२ केव्हीच्या वाहिन्यांवरून उतरत उतरत ३३ केव्हीच्या उपकेंद्रात येते, तेथील रोहित्र तिला ११ केव्हीवर आणते, तेथून निरनिराळे फिडर शिवारात शिरतात, आणि अखेरीस बांधावरच्या, सर्वजण ज्याला ‘डीपी’ म्हणतात त्या लहान रोहित्रातून ती मोटारीपर्यंत पोहोचते. ग्रामीण उपकेंद्रातील रोहित्र सामान्यतः पाच किंवा दहा एमव्हीएचे असते. पाच एमव्हीएच्या रोहित्राशेजारी दोन मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा करून पाहा: जो राज्याच्या तुलनेत पंधरा हजारांतील एक हिस्सा होता, तो आता त्या उपकेंद्राच्या सामर्थ्याचा दोन-पंचमांश झाला. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे चार किलोवॉट ओढते असे धरले, आणि तारांतील गळती व काचांवरील धूळ यांची वजावट केली, तरी भर दुपारी चारशे विहिरींवरच्या मोटारी या एका प्रकल्पावर फिरतील. दुधनीच्या आसपासच्या चार-दोन गावांच्या शिवारात एका वेळी चालणाऱ्या मोटारींशी हा आकडा ताडून पाहावा आणि मग ‘क्षुद्र’ हे विशेषण वापरावे की न वापरावे हे ठरवावे.

विराटाने हे काम होत नाही याचा दाखला शोधण्यास सोलापूर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. सोलापूर शहराच्या दक्षिणेस फताटेवाडी-आहेरवाडी येथे एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे, त्याला लागणारे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या नळाने उजनीहून येते, आणि कोळसा तर परप्रांतांतून. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे विद्युत्-जाल उर्वरित भारताशी एका वारंवारतेने जोडले गेले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही घटना भव्य होती आणि तिचा अभिमान बाळगावा अशीच होती. परंतु देशाचे दोन खंड सोलापुरात एकमेकांस भेटले, त्यानंतरही त्याच जिल्ह्यातील शेतकरी आठवड्याच्या पाळीप्रमाणे मध्यरात्री उठून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, उसाच्या सरीत पाणी फिरवण्यासाठी जातच राहिला. मोठ्या तारेने मोठे प्रश्न सुटतात. दारे धरणाऱ्या माणसाला थ्री फेज किती वाजता मिळावी हा प्रश्न तिच्या कक्षेतला नव्हता, आणि तो तिने सोडवला नाही म्हणून तिला दोषही देता येत नाही.

रात्रीच्या पाण्याविषयी लिहिताना नागर लेखकाची लेखणी सहसा काव्यमय होते. आम्ही ते टाळतो. विंचू-सापाची भीती, चिखलात हात घालून चाचपावे लागणारे स्टार्टर, ओल्या अंगाने उघड्या तारेला होणारा स्पर्श, आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेने केलेले काम, एवढा मजकूर कोणत्याही तालुक्याच्या दप्तरात सापडेल. त्यात न सापडणारी गोष्ट अशी की रात्री दिलेले पाणी बहुधा अति दिले जाते, कारण अंधारात वाफा भरला की नाही हे दिसत नाही आणि ‘ऑटो’ लावून घरी झोपलेल्या माणसाची मोटार वीज असेपर्यंत चालतच राहते. विजेचा अपव्यय, पाण्याचा अपव्यय आणि जमिनीत वाढणारा खार, हे तिन्ही एकाच गैरसोयीचे परिणाम आहेत. दिवसा पाणी देता येणे ही शेतकऱ्यावर करावयाची मेहेरबानी आहे असे समजणाऱ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा.

आता या दिशेने शासनाने काय केले ते पाहू. शेतीचे फिडर गावठाणाच्या फिडरपासून वेगळे करण्याचे काम पूर्वीच पुष्कळसे झाले होते. त्यामुळे शेतीच्या फिडरला दिवसा स्वतंत्रपणे वीज देणे तांत्रिक दृष्ट्या शक्य झाले. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि तिचा पहिला प्रयोग राळेगणसिद्धी येथे व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे आरंभला गेला. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तीत अर्धा ते पंचवीस मेगावॉटचे प्रकल्प उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरच्या आत उभारावेत असे ठरले, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथील तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये तीतील पहिला म्हणून कार्यान्वित झाला. या योजनेचे एकूण उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचे आहे. उद्दिष्ट आणि सिद्धी यांत सरकारी कामात जे अंतर असते ते येथेही असणार. परंतु आक्षेपक ज्या भाडल्याचे नाव घेतात त्याची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे, आणि या घागरींची बेरीज तसल्या सात भाडल्यांहून अधिक भरते. बेरीज करण्यापूर्वीच एकेका संख्येस शून्य ठरवणे, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात ते समजत नाही.

दुसरा आक्षेप सूर्यास्ताचा. तो ऐकताना प्रथम हे विचारावेसे वाटते की भाडल्यास आणि पावगड्यास सूर्य मावळत नाही काय? जी त्रुटी विराट प्रकल्पात तितकीच आहे, ती केवळ लहानाच्या खाती मांडणे हा न्याय नव्हे. पण वितंडा बाजूस ठेवून मूळ मुद्द्यास उत्तर देता येते, आणि ते उत्तर सोलापूरच्याच साखर कारखान्यांत आहे. जिल्ह्यातील अनेक कारखान्यांत बगॅसवर चालणारे सहवीजनिर्मितीचे प्रकल्प आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, मंत्रिमहोदय येतात, गाळप सुरू होते, वीज वाहू लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी धुराडे थंड पडले की तीही थांबते. वर्षातील चार-पाच महिने चालणाऱ्या या विजेस कोणी आजवर हौस म्हटले नाही, ‘पावसाळ्यात काय करणार?’ असे विचारून तिचा उपहास केला नाही. उलट ग्रामीण अर्थव्यवस्थेचा आधारस्तंभ म्हणून तिच्यावर भाषणे झाली. मग जी वीज वर्षातील बाराही महिने रोज काही तास मिळते, तीच तेवढी हास्यास्पद कशी? शिवाय सौरवीज जेथे जावयाची आहे त्या मोटारीला सूर्यास्तानंतर काम असावेच असे नाही. पाणी दुपारी उपसून पिकाला दिले, की ती वीज वापरली जाऊन कार्य संपले. तिला संध्याकाळपर्यंत साठवून ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

दिवेलागणीचा प्रश्न खरा आहे आणि तो पुढे अधिक बिकट होणार आहे. दुपारी विजेची सुबत्ता आणि सायंकाळी एकाएकी चढणारी मागणी, या दोहोंमधील चढण औष्णिक केंद्रांना दमवते. त्यासाठी घाटघरसारखी, खालचे पाणी वर चढवून सायंकाळी ते खाली सोडणारी केंद्रे हवीत, विद्युत्‌घटांचे मोठे संच हवेत. हे विराटाचे क्षेत्र आहे आणि ते त्याने सांभाळावे.

लहान प्रकल्पांच्या कैवाऱ्यांना मात्र काही अप्रिय गोष्टी सांगावयाच्या आहेत, कारण गावोगावी त्यांनी दिलेली आश्वासने उद्या गावकरी त्यांच्या तोंडावर फेकतील. पहिली ही की कडक ऊन म्हणजे भरघोस वीज, असे समीकरण नाही. या काचांना प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर तापमानाच्या प्रत्येक अंशामागे त्यांची शक्ती एका टक्क्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने घटते, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात त्या साठ अंशांच्याही वर तापू शकतात. काळ्या रानाची उन्हाळी धूळ आणि तुरीच्या मळणीचा भुसा त्यांच्यावर बसतो तो वेगळाच; आणि दोन मेगावॉटच्या चार-साडेचार हजार काचा धुण्यास एका वेळेला जवळजवळ एक टँकर पाणी लागते, जे वैशाखात, गावात पिण्याच्या टँकरची वाट पाहणे चालू असताना, कोठून आणणार याचे उत्तर करारात लिहिलेले असावे. दुसरी गोष्ट अशी की उपकेंद्राशी जोडलेला प्रकल्प जालातील वीज गेली की स्वतःही तत्क्षणी बंद पडतो. तसा नियमच आहे, आणि तो योग्य आहे, कारण तसे नसते तर तार मेलेली आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण गेला असता. म्हणजे लखलखीत दुपारी, डोळ्यांसमोर काचांचे रान पसरलेले असताना, गावात वीज नाही असा प्रसंग येणारच. तिसरी गोष्ट, उपकेंद्रातील विजेने बांधावरचा जळालेला डीपी दुरुस्त होत नाही आणि लांबलचक लघुदाब तारेच्या शेवटच्या मोटारीला पुरेसे व्होल्टेजही आपोआप मिळत नाही. ते काम महावितरणचे आहे. सौरप्रकल्प आला म्हणून त्यातून तिची सुटका होऊ नये. उलट वरून वीजच मिळत नाही ही सबब तिच्या हातून काढून घेतली जावी, हा या प्रकल्पाचा एक न बोललेला लाभ आहे.

राहता राहिला जमिनीचा आक्षेप, आणि तिन्हींत हाच खरा वजनदार. मेगावॉटमागे चार-पाच एकर जमीन लागते हे निर्विवाद. खाजगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरसाल तीन टक्के वाढ, असा दर शासनाने ठरवला आहे; एकरी पन्नास हजारांचे हे निश्चित उत्पन्न अक्कलकोटच्या जिरायत रानात तूर आणि शाळू यांच्या भरवशावर बसलेल्या खातेदाराला हेवा वाटावा असेच आहे. परंतु भाडे मिळते ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. त्याच रानात खुरपणीला जाणाऱ्या बाया, अर्धेलीने करणारा वाटेकरी, सुगीनंतर मेंढरे बसवणारा धनगर, यांची नावे कोणत्याही फेरफारात नसतात, आणि काचा बसल्या की त्यांचा रोजगार निमूटपणे नाहीसा होतो. सरकारी जमिनीची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. महसूल खात्याच्या नोंदीत जी पडीक, ती गावाच्या नोंदीत पडीक असतेच असे नाही. गायरान हे गुरांचे अन्न आहे, आणि एका हुकुमाने ते नाममात्र भाड्याने देऊन टाकणे सोपे असले तरी त्या हुकुमाची किंमत गावातील सर्वांत गरीब माणूस भरतो. या गोष्टी नाकारणारे सौरऊर्जेचे समर्थक आम्हांला आपल्या बाजूस नकोत.

पण या आक्षेपावरून विराटाचा पक्ष सिद्ध होतो काय? पावगड्याच्या उद्यानाने सुमारे तेरा हजार एकर जमीन व्यापली. ती भाडेपट्ट्याने घेतली गेली, संपादनाने नव्हे, ही त्यांतली समाधानाची बाजू. पण अनेक गावांचे शिवार एकदम शेतीतून उठले की त्या गावांत शेतमजुरी नावाची वस्तूच राहत नाही. संपादनाचा मार्ग धरला तर काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे: वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याकरिता धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्याचा अंत झाला. आठ-दहा एकरांच्या प्रकल्पात चूक झाली तर ती आठ-दहा एकरांची होते. ग्रामसभेत तिच्याविरुद्ध बोलता येते, जागा बदलता येते, माळाची मुरमाड जमीन निवडून काळी वाचवता येते. तेरा हजार एकरांच्या चुकीला ग्रामसभा पुरी पडत नाही.

म्हणूनच आमचे भांडण विराटाशी आहे त्याहून अधिक, लहान प्रकल्पाच्या पोटात शिरलेल्या विराटाशी आहे, आणि आक्षेपकांनी खरोखर बोट ठेवावयाचे होते ते येथे. सौर कृषी वाहिनीची कामे जिल्हावार मोठमोठे गठ्ठे बांधून निविदांनी दिली गेली. त्यामुळे प्रकल्प दोन मेगावॉटचा, पण त्याचा मालक शेकडो मेगावॉटचा, दूर राहणारा आणि गावाची भाषा न जाणणारा, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी उद्भवण्याचा संभव आहे. एवढे मोठे गठ्ठे बांधले म्हणून दर तीन रुपयांच्या आसपास उतरला, हे उत्तर दिले जाते आणि ते खोटे नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज देणाऱ्या खजिन्याला तर प्रत्येक पैशाची बचत हवीच आहे. पण ज्या जिल्ह्याने सहकाराच्या बळावर शेकडो कोटींचे साखर कारखाने उभे केले, त्या जिल्ह्याला आठ-दहा कोटींच्या आतबाहेरचा सौरप्रकल्प स्वतःच्या मालकीने उभारता येऊ नये, हे पटत नाही. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत शेतकरी, सहकारी संस्था आणि पंचायती यांना अर्धा ते दोन मेगावॉटचे प्रकल्प उभारण्याची वाट ठेवलेली होती. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या मूठभर शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज विकण्यास प्रारंभ केला. ढुंडीचा प्रयोग लहान होता आणि पंपांवरच्या काचांचा होता. दुधनीला लागणारा प्रकल्प निराळ्या जातीचा आहे. तरीही वीज विकून आलेले पैसे सभासदांच्या खाती जमा होऊ शकतात, एवढे त्याने दाखवून दिले. बाजार समिती, विकास सोसायट्या आणि नगरपरिषद असलेल्या दुधनीसारख्या गावात हिशेब ठेवणाऱ्या माणसांचा दुष्काळ आहे, असे तेथील अडतीवर एक सकाळ काढलेला कोणीही म्हणणार नाही.

सहकार जमला नाही, आणि बाहेरच्याच कंपनीशी करार करावा लागला, तर निदान तो करार मराठीत व कानडीत चावडीवर वाचला जावा. प्रकल्पावर काचा धुणारे, गवत काढणारे आणि रात्रपाळीचे पहारेकरी त्याच शिवारातील, आणि शक्यतो ज्यांचे काम त्या जमिनीबरोबर गेले त्यांच्यापैकी असावेत. ग्रामपंचायतीस तीन वर्षे मिळावयाचे वार्षिक पाच लाख रुपये कशावर खर्च झाले ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावे. गायरान घेतले असेल तर तितकेच चराऊ रान कोठे राखून ठेवले याचा नकाशा जोडलेला असावा. आणि पंचवीस वर्षांनी मुदत संपल्यावर त्या हजारो काचा, लोखंडी सांगाडे व जमिनीत रोवलेले काँक्रीट कोणी, कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत उचलावयाचे, याचे कलम त्या कागदात आजच, अनामत रकमेसह, घातले जावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर काचांचा समावेश झाला असला तरी नियम आपण होऊन दुधनीच्या माळावर काचा उचलावयास येत नाही.